टोपली ऐकते

तार्तूत नोव्हेंबरमध्ये दुपारी साडेतीनला दिवे लागतात.
मी तीन शब्द खोडते :
नको ते काढतो.

हे वाक्य माझंच. मार्चमध्ये लिहिलेलं,
जेवायला उठायच्या आधी, घाईत,
'साफ कर' नावाच्या हत्याराखाली.
आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पोस्टरं मांडायची अशी
एकसष्ट हत्यारं आहेत,
आणि ती उचलणारा हल्ली बहुधा माणूस नसतो.
एजंट येतो. हत्याराकडे बघत नाही, धार तपासत नाही.
खाली काय लिहिलंय ते वाचतो
आणि कामाला लागतो.

मंगळवारी त्याच्यापुढे कानांच्या दवाखान्याचं पोस्टर होतं.
जरा नीटनेटकं कर, एवढंच सांगितलेलं.
अक्षरं आधीच गोठवून नुसते आकार करून ठेवलेली.
आमच्या भाषेत एक 'ओ' आहे, डोक्यावर लाट घेतलेला.
लाट त्याला सुटी दिसली. कशाला न चिकटलेली. नको ती.
काढली.

वर ठळक लिहिलं होतं : कान ऐकतो.
लाट गेली आणि कानाची टोपली झाली.
टोपली ऐकते.
दोनशे प्रती, सगळ्या बसथांब्यांवर.

ध चा मा करायला
दर वेळी कुणी कारस्थानीच लागतो असं नाही.

उर्मास म्हणाला, बिनडोक आहे तो.
मी म्हटलं, नाही रे, त्याने माझं ऐकलं.
अक्षरशः ऐकलं.
इतकं ऐकणारं मला घरीसुद्धा कुणी नाही.

पूर्वी मी दूध काढायच्या यंत्रांची माहितीपत्रकं लिहायचे.
तिथेही चुकायचे. एकदा डावीकडची नळी उजवीकडे लिहिली.
काही बिघडलं नाही,
कारण वाचणाऱ्याच्या पुढ्यात गाय उभी होती.
तो एकदा कागदाकडे बघायचा, एकदा गायीकडे,
आणि गायीचं खरं मानायचा.

ह्याच्या पुढ्यात गाय नाही.
माझं वाक्य आहे,
आणि वाक्याच्या मागे अंधार.

दवाखान्यातून हेल्वे राउडसिक यांचा फोन आला.
मी माफीची जुळवाजुळव करत होते, त्या हसत होत्या.
एक आजोबा सकाळी वेताची टोपली घेऊन आले म्हणे,
काउंटरवर ठेवली :
हिला डाव्या बाजूने कमी ऐकू येतं.
मग त्यांचेही कान तपासले.
त्यांना खरंच कमी ऐकू येत होतं.
सहा वर्षं टाळत होते.

(ह्यातून काही शिकायचं असेल तर मला ते सापडलेलं नाही.
चूक ती चूकच. पोस्टरं उतरवली.)

आता लिहिते :
चार पिक्सेलहून लहान, भटके ठिपके पुसतो.
अक्षरांना हात लावत नाही.
अक्षरांवरच्या खुणांनाही नाही, त्या सुट्या दिसल्या तरी.
पुसलेलं परत येत नाही.
शंका आली तर पुसू नये. विचारावं.

उर्मास खांद्यावरून वाचतो. लांबलंय, म्हणतो.
खरंय. शेवटचं आधी घेते, मधलं एक कापते,
'भटके' ठेवू की नको, ह्यावर कॉफी थंड होते.
भटकं म्हणजे काय, हे मला माहीत आहे.
त्याला कुठून असणार?
'भटके' काढते. लिहिते :
ज्यांच्या आसपास चाळीस पिक्सेलपर्यंत दुसरं काही नाही असे.

मग तेच पोस्टर पुन्हा त्याच्या हाती देते.
पडद्यावर थोडा वेळ काहीच नाही.
मग एक ओळ :

"'ओ'च्या वर एक लाट आहे.
ती अक्षराची आहे का?"

बाहेर नदीवर बर्फ धरायला लागलंय.
मी खुर्ची पुढे ओढते
आणि लिहिते : हो. अक्षराचीच.

पुढचं हत्यार 'हलव'. त्याखाली माझ्याच हातचं,
त्याच मार्चमधलं :
वस्तू हलवतो.

कुठली. किती. कुठल्या कोपऱ्यापासून.